मसाल्याच्या ऑनलाइन दुकानासाठी पैसे घ्यायची सुरक्षित पद्धत कोणती? नागपूरकरांनी अनुभव सांगा

भिवापुरी_तिखट
रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ, दोघी महालात घरूनच मसाले करतो. भिवापूरची मिरची कांडून तिखट, सावजी मसाला, धनेपूड आणि उन्हाळ्यात कुरड्या-सांडगे. चार वर्षं सगळा धंदा व्हॉट्सअॅपवर चालला. गिऱ्हाईक यादी टाकते, आम्ही क्यूआर पाठवतो, ते पैसे भरून स्क्रीनशॉट टाकते आणि आम्ही डबा बांधतो. आता भाच्याने वर्डप्रेसवर वूकॉमर्सचं दुकान उभं करून दिलं आहे. फोटो लागले, भाव लागले, कुरिअरवाला ठरला. पैसे कसे घ्यायचे तेवढं ठरत नाही म्हणून दुकान उघडत नाही आहे.

अडून बसायला कारण आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात १,३४० रुपयांची एक ऑर्डर आली. स्क्रीनशॉट आला, हिरवी खूण, आमच्या क्यूआरवरचंच नाव, वेळ सकाळी ११:१२. त्या दिवशी अडतीस डबे बांधायचे होते, तोही बांधून दिला. रात्री वही आणि पासबुक जुळवायला बसलो तर ११:१२ ला काहीच जमा नाही. जावेने तो स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. युपीआयचा व्यवहार क्रमांक बारा आकडी असतो, यात अकराच आकडे होते. नंबर लावला तर बंद.

रक्कम मोठी नाही, पण दोन रात्री झोप लागली नाही. म्हणून विचारते: साइटवर आमचाच क्यूआर लावून ठेवला तर चालेल काय? गेटवे (साइटवर पैसे घ्यायची ऑनलाइन सेवा) घेतला तर दोन टक्के जातात म्हणतात, ते वाचवण्यासारखे आहेत काय? आणि कोणी कार्डाने पैसे भरले, त्याच्या कार्डाचं काही बरंवाईट झालं, तर जबाबदारी आमच्यावर येते काय? ही शेवटची भीती सगळ्यात मोठी आहे.

---

धरमपेठेतला_कोडवाला
रविवार, रात्री ११:०२

ताई, शेवटच्या भीतीपासून सुरू करतो, कारण ती सुटली की बाकीचं सोपं आहे.

गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर तुमच्या साइटवर यायलाच नको. एक क्षणही नको. गिऱ्हाईक 'पैसे भरा' दाबतं तेव्हा ते गेटवेच्या पानावर जातं किंवा गेटवेची खिडकी वर उघडते, नंबर तिथे टाकला जातो, ओटीपी बँकेच्या पानावर टाकला जातो, आणि तुमच्याकडे फक्त 'अमुक ऑर्डरचे पैसे आले' एवढाच निरोप येतो. जे तुमच्याकडे नाही ते तुमच्याकडून चोरीला जाऊ शकत नाही. कार्ड कंपन्यांचा पीसीआय डीएसएस नावाचा सुरक्षा नियम आहे, त्यातसुद्धा असं पूर्ण बाहेर सोपवणाऱ्या दुकानाला सगळ्यात लहान स्वयंघोषणा भरावी लागते. साइटवर स्वतःचा फॉर्म करून कार्ड नंबर घ्यायला गेलात की तीच यादी शेकडो कलमांची होते. भाचा उत्साहात तसा फॉर्म करून देत असेल तर त्याला थांबवा.

आता तुमचा स्क्रीनशॉट. तिथे चूक झाली ती आकडे न मोजल्याची नाही. बारा आकडे असलेला खोटा स्क्रीनशॉटही पाच मिनिटांत बनतो. पैसे आले हे तुम्हाला पैसे देणाऱ्याने सांगितलं, ही अडचण आहे. ते तुमच्या बँकेने किंवा गेटवेने सांगायला हवं. साइटवर क्यूआरचं चित्र लावून ठेवलंत तर पुन्हा तेच होणार: त्या क्यूआरला ऑर्डर क्रमांक माहीत नसतो, रक्कम माहीत नसते, कोणी १,३४० च्या जागी १३४ भरले तरी ते चित्र काही बोलणार नाही. शिवाय साइटचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर तो चित्र बदलून स्वतःचा क्यूआर लावेल आणि तुम्हाला दोन दिवस पत्ताही लागणार नाही.

गेटवेतून युपीआय घेतलंत की प्रत्येक ऑर्डरला वेगळा क्यूआर तयार होतो. रक्कम त्यातच भरलेली असते, ऑर्डर क्रमांक जोडलेला असतो. भरले की गेटवेचा सर्व्हर तुमच्या साइटला परस्पर कळवतो. मध्ये गिऱ्हाइकाचा शब्द कुठेच लागत नाही.

---

गांधीबागचे_काका
सोमवार, सकाळी ७:४०

ताई, मी गांधीबागेत कापड विकून राहिलो तीस वर्षांपासून. ऑनलाइन माल मुलगा पाहते. माझा अनुभव वेगळा आहे, तो ऐका, म्हणजे तुमच्यावर ती पाळी येणार नाही.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने ४,२०० रुपये आमच्या क्यूआरवर भरले. खरे पैसे, खात्यात दिसले, माल गेला. वीस दिवसांनी सूत व्यापाऱ्याला पैसे पाठवायला गेलो तर व्यवहार होत नाही. बँकेत गेलो तर म्हणे खात्यावर होल्ड आहे, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा. ज्यानं आम्हाला पैसे भरले त्यानं ते कोणाला तरी फसवून घेतलेले होते, आणि त्या पैशाच्या मागे मागे तपास आमच्या खात्यापर्यंत आला. आम्ही काही केलं नाही, पण सिद्ध आम्हालाच करावं लागलं.

सुटका कशानं झाली? बिल होतं. ट्रान्सपोर्टची पावती होती. गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं फोनात होतं. ते सगळं पोलिसांना मेलवर पाठवलं, बँकेला अर्ज दिला, तेव्हा कुठे साडेतीन आठवड्यांनी खात्यावरचा होल्ड निघाला. आणि घरखर्चाचं खातं तेच होतं. नातीची शाळेची फी बहिणीकडून उसने घेऊन भरली.

म्हणून सांगतो, दुकानासाठी करंट खातं वेगळं काढा. घरचं बचत खातं त्यात गुंतवू नका. आणि हजाराचा डबा असो की शंभराचा, बिल फाडा आणि कुरिअरची पावती वर्षभर जपा.

---

मिहान_रोजचा
सोमवार, सकाळी ८:२५

एवढी झंझट करण्यापेक्षा कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा ना ताई. पैसे हातात, विषय संपला.

---

भिवापुरी_तिखट
सोमवार, दुपारी १:१०

काका, तुमचं वाचून पोटात गोळा आला. आमचंही सगळं एकाच बचत खात्यावर आहे. करंट खातं उघडायचं आजच ठरवलं.

मिहानवाले भाऊ, ते करून पाहिलं. दहातले दोन-तीन डबे परत येतात. गिऱ्हाईक म्हणते घरी नव्हतो, नको आता. जातानाचं भाडं आमचं, येतानाचंही आमचं, आणि तिखट महिनाभर गाडीत फिरून आलं की पुन्हा विकायला मन होत नाही. जवळच्या ओळखीच्यांना देऊ, बाहेरगावी नाही.

दोन टक्क्यांचा हिशोब काल रात्री मांडला. १,३४० वर दोन टक्के म्हणजे २६ रुपये ८० पैसे. त्या फीवर अठरा टक्के जीएसटी, ४ रुपये ८२ पैसे. एकूण ३१ रुपये ६२ पैसे. म्हणजे तो एक खोटा स्क्रीनशॉट आम्हाला अशा बेचाळीस ऑर्डरींच्या फीएवढा पडला. जावेला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गेटवेच्या बाजूने बोलली.

पण एक कळत नाही. युपीआयला काहीच चार्ज नाही असं सगळीकडे ऐकतो, मग गेटवेवाले युपीआयवरही टक्के कशाचे मागतात?

---

कॅशियरची_खिडकी
सोमवार, संध्याकाळी ६:५०

मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं डिजिटल व्यवहारांच्या तक्रारी पाहायचो. याचं उत्तर देतो.

१ जानेवारी २०२० पासून युपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून बँकेने घ्यायचा एमडीआर, म्हणजे व्यवहारामागची फी, शून्य आहे. गेटवे जे मागतो ती त्याची स्वतःची सेवा फी: पान दाखवणं, ऑर्डर जुळवणं, परतावा, हिशोबाचा तक्ता. कंपनीगणिक दर वेगळे असतात. युपीआयसाठी कमी दर मागून पाहा, लहान दुकानांना देतात काही जण.

आता दोन शब्दांतला फरक समजून घ्या. पेमेंट गेटवे म्हणजे नुसतं तंत्र, पैशाला हात लावत नाही. पेमेंट अॅग्रिगेटर म्हणजे जो गिऱ्हाइकाचे पैसे आधी स्वतःकडे घेतो आणि मग तुम्हाला देतो. बोलताना सगळे गेटवेच म्हणतात, पण तुम्ही घेणार तो बहुधा अॅग्रिगेटर असतो. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० ला यांच्यासाठी नियम काढले. बिगरबँक अॅग्रिगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि तुमचे पैसे त्याला बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात, स्वतःच्या धंद्यात फिरवता येत नाहीत. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअव्हेन्यू ही नावं तुमच्या कानावर असतील. नाव कोणतंही असो, सही करण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची परवानगी मिळालेल्यांची यादी उघडा आणि कराराच्या कागदावरचं कंपनीचं पूर्ण नाव त्या यादीशी ताडून पाहा. ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण माझ्याकडे रडत आलेल्या लोकांपैकी कोणीच ते केलेलं नसायचं. दर महिना अमुक भरा, शून्य टक्के फी, कागदपत्रं नको, असं फोनवर सांगणाऱ्यापासून लांब राहा. जो तुमची कागदपत्रं तपासत नाही तो दुसऱ्या कोणाचीही तपासत नसतो.

आणि भिवापुरी ताई, कार्डाबद्दल घाबरू नका. आपल्याकडे २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा, म्हणजे ओटीपी वगैरे, बंधनकारक आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कोणालाही कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. 'कार्ड सेव्ह करा' म्हणतात तेव्हा आता नंबराच्या जागी टोकन, म्हणजे एक पर्यायी संकेत, साठतं, आणि ते टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही.

---

भिवापुरी_तिखट
सोमवार, रात्री ९:३०

काका, खूप खूप आभार. अजून एक विचारू काय? पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले आणि आमच्याकडे आलेच नाहीत, असं झालं तर? एका मावशींचं मागे तसं झालं होतं, त्या मलाच बोलून राहिल्या होत्या.

---

कॅशियरची_खिडकी
सोमवार, रात्री १०:०५

त्याचाही नियम आहे, सप्टेंबर २०१९ चा. ऑनलाइन दुकानात खात्यातून पैसे कापले गेले पण दुकानाला पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. कार्डालाही लागू, युपीआयलाही. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला, तीही न मागता. मावशींना असं सांगा: व्यवहार क्रमांक द्या, मी माझ्या बाजूने तपासते, तोवर दुसऱ्यांदा पैसे भरू नका. घाईत दोनदा भरतात आणि मग खरा गुंता होतो.

---

सदरची_मुक्ता
मंगळवार, सकाळी ११:२०

मी वूकॉमर्सची लहान दुकानं सांभाळते, साताठ आहेत. इथे सगळं गेटवेबद्दल चाललं आहे, पण मला जी भीती वाटते ती तुमच्या साइटची.

२०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर हल्ला झाला. चोरांनी बँक फोडली नाही. पैसे भरायच्या पानावर चालणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये (पानामागच्या छोट्या प्रोग्राममध्ये) बावीस ओळी घुसवल्या आणि लोक कार्ड नंबर टाकत होते तेव्हाच तो दुसरीकडे जात होता. चार लाखांच्या वर ग्राहकांची माहिती गेली आणि २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला. तिथे माणसं, पैसा, सगळं होतं, तरी झालं. आपल्या लहान दुकानांत तर फुकटचं थीम (साइटचा तयार साचा), चार वर्षं न बदललेलं प्लगिन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम) आणि पासवर्डमध्ये दुकानाचं नाव.

म्हणून भाच्याला सांगा: गेटवेचं प्लगिन त्या कंपनीने स्वतः दिलेलंच घ्या, दुसऱ्या कोणी 'सुधारून' दिलेलं नाही. चोरीचं थीम काढून टाका. न लागणारी प्लगिनं नुसती बंद नाही, पुसून टाका. पूर्ण साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणाऱ्या जोडणीवर, असू द्या, लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. मात्र कुलुपाची खूण दिसली म्हणजे दुकान खरं, असं गिऱ्हाइकालाही सांगू नका. खोट्या साइटवरही ती असते.

आणि 'की सीक्रेट', म्हणजे गेटवेची गुप्त किल्ली. साइट गेटवेला जोडायला तो पासवर्डसारख्या दोन किल्ल्या देतो. एक उघडी असते, ती पानावर दिसली तरी चालते. दुसरी गुप्त, ती फक्त सर्व्हरवर राहते. परवाच एका ताईंनी ती गुप्त किल्ली मला पाठवायच्या नादात चुकून त्यांच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. अर्ध्या तासात नवी करून घेतली. ती ज्याच्याकडे आहे तो तुमच्या नावाने परतावे काढू शकतो. तुमच्याकडून असं झालं तर लाजू नका, ताबडतोब जुनी रद्द करून नवी काढा.

---

धरमपेठेतला_कोडवाला
मंगळवार, दुपारी ४:१५

मुक्ताताईंनी महत्त्वाचं सांगितलं. त्याला माझी दोन जोड.

एक, रक्कम नेहमी सर्व्हरवर ठरू द्या. मी एका गिऱ्हाइकाचं जुनं दुकान तपासलं होतं, त्यात किंमत ब्राउझरमधून गेटवेला जात होती. कोणी तिथे १,३४० च्या जागी १ लिहिलं की गेटवे प्रामाणिकपणे एक रुपया घेणार आणि 'यशस्वी' म्हणणार. दुकान 'यशस्वी' वाचून डबा पाठवणार. सहा महिन्यांत असे नऊ डबे गेले होते. चांगल्या प्लगिनमध्ये हे होत नाही: सर्व्हर आधी गेटवेकडे रकमेसकट ऑर्डर नोंदवतो, आणि पैसे आल्यावर गेटवे ऑर्डर क्रमांक, पेमेंट क्रमांक आणि एक डिजिटल सही पाठवतो. ती सही गुप्त किल्लीने पडताळली जाते. जुळली नाही तर ऑर्डर पुढे सरकत नाही.

दुसरं, वेबहुक चालू करा. गिऱ्हाईक मेट्रोत बसून पैसे भरतं, युपीआय अॅपमध्ये पिन टाकतं आणि तेवढ्यात बॅटरी संपते. पैसे गेले, पण त्याचा फोन तुमच्या साइटवर परत आलाच नाही. वेबहुक नसेल तर तुमच्याकडे ऑर्डर 'पेमेंट बाकी' दिसते. तुमच्या त्या मावशींचं बहुतेक असंच झालं असणार. वेबहुक म्हणजे गेटवेच्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरला परस्पर दिलेला निरोप. फोन बंद असला तरी तो येतो. एकच निरोप कधी दोनदाही येतो, म्हणून दुसऱ्यांदा आल्यावर दुसरा डबा निघणार नाही हे चाचणीत पाहून घ्या.

---

भिवापुरी_तिखट
पुढचा गुरुवार, रात्री ८:४५

थोडं कळवते. करंट खातं झालं. एका परवानाधारक अॅग्रिगेटरकडे अर्ज केला, नाव यादीत स्वतः पाहिलं, काकांनी सांगितलं तसं पूर्ण नाव ताडून. पॅन, उद्यम नोंदणी, बँकेचा रद्द चेक आणि अन्न परवान्याचा नंबर मागितला. साइट त्यांनी एकदा परत पाठवली, कारण परताव्याचं आणि पाठवणीचं धोरण लिहिलेलंच नव्हतं, पत्ताही नव्हता. ते लिहायला जावेला आणि मला दोन संध्याकाळी लागल्या. पाकीट फुटलं तर काय, चव आवडली नाही तर काय, यावर आमच्यातच वाद झाला. पण लिहून काढलं ते बरं झालं.

काल एका नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला. म्हणे ऑर्डर रद्द करतो, पैसे कार्डाने भरले होते, पण परत या दुसऱ्या युपीआय नंबरवर टाका. करू काय?

---

सदरची_मुक्ता
गुरुवार, रात्री ९:०२

करू नका! परतावा नेहमी गेटवेच्या डॅशबोर्डवरून (तुमच्या खात्याच्या पानावरून), ज्या कार्डातून आले त्याच कार्डात. कार्ड चोरीचं असेल तर खरा मालक बँकेकडे तक्रार करणार, बँक तुमच्याकडून रक्कम परत घेणार, आणि तुम्ही युपीआयवर टाकलेले गेले ते गेलेच. दोनदा भरावं लागेल.

---

कॅशियरची_खिडकी
गुरुवार, रात्री ९:४०

मुक्ता म्हणते ते अगदी बरोबर. परदेशी कार्डं सध्या बंदच ठेवा, तिकडच्या पुष्कळ कार्डांना ओटीपी लागत नाही आणि तक्रार आली की लढणं अवघड. पुढे अमेरिकेतल्या भाचीची ऑर्डर येईल तेव्हा बघू.

गेटवेच्या खात्यालाही ओटीपीचं कुलूप लावा, आणि भाच्याला वेगळं लॉगिन द्या, ज्यात परतावा काढायची मुभा नसेल. 'केवायसी अपूर्ण आहे, ओटीपी सांगा' असा फोन येईलच. ओटीपी द्यायचा नाही. पैसे घ्यायला युपीआय पिन कधीच लागत नाही, हे जावेलाही सांगून ठेवा. काही झालंच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेतच अडवता येतात.

---

भिवापुरी_तिखट
शनिवार, सकाळी ११:५०

मुक्ता, काका, परतावा डॅशबोर्डवरूनच काढला. त्या माणसाने पुन्हा फोन केला नाही.

आज सकाळी दुकान उघडलं आणि पहिली खरी ऑर्डर आली! वर्ध्याहून, ६८० रुपये, अर्धा किलो तिखट आणि सावजी मसाला. गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉटही पाठवला. जावेने तो पाहिलासुद्धा नाही, सरळ डॅशबोर्ड उघडला. पण तिथे 'ऑथराइझ्ड' लिहिलं आहे, 'कॅप्चर्ड' नाही. बांधू काय डबा?

---

धरमपेठेतला_कोडवाला
शनिवार, दुपारी १२:०५

थांबा. ऑथराइझ्ड म्हणजे बँकेने हो म्हटलं, पण तुम्ही पैसे अजून उचलले नाहीत. ठरलेल्या मुदतीत उचलले नाहीत तर ते गिऱ्हाइकाला परत जातात. सेटिंगमध्ये 'आपोआप कॅप्चर' बंद राहिलं आहे. ते चालू करा, आणि या एका ऑर्डरला हाताने 'कॅप्चर' दाबा.

---

भिवापुरी_तिखट
शनिवार, दुपारी १२:१८

दाबलं. कॅप्चर्ड आलं, साइटवर ऑर्डरही 'प्रोसेसिंग' झाली. जाऊ वजनकाटा घेऊन बसली आहे, बिल मी लिहून राहिले.